सफरचंदीचा अवकाळी बहार

निपाणी, ९ ऑक्टोबर

चि. नागेंद्र,

चिरंजीव लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. त्याच्या म्होरं 'अनेक आशीर्वाद' लिहायला हात उठंना. ती जागा मोकळी सोडलीय, पायजे तर तूच भर.

फोन तू उचलत न्हाईस. परवा मी फोनवर जे बोलले त्यातला एक शब्द मागं घेणार न्हाई. 'आई, तू शांत झालीस की बोलू' म्हणालास आणि ठेवलास. मी शांत व्हायची वाट बघत बसलास तर माझ्या तेराव्यालाच बोलशील. म्हणून पत्र. तेबी घरच्या पत्त्यावर न्हाई, उद्यमबागला तुझ्या कारखान्यावर पाठवतेय. तिथं चार माणसांम्होरं आईचं पत्र फाडून टाकायला तुला लाज वाटंल.

मी राणीकडं निपाणीला आले ते काय हवा खायला न्हाई. तुझ्या सख्ख्या बहिणीचा पाय मोडलाय, मांडीपर्यंत प्लास्टर हाय, घरात दोन पोरं आणि नवरा दिवसभर तंबाखूच्या वखारीत. बेळगुंदीच्या घराची किल्ली मी शेजारच्या रवळूकडं दिली. सांजचं दिवा लावील, मांजराला दूध घालील, एवढ्यासाठी. त्या रवळूकडनं तू किल्ली घेतलीस. 'आईला विचारलंय' म्हणालास. तो बिचारा फाटक उघडून बाजूला झाला आणि तू माझ्या अंगणात जेसीबी घातलास. अरं, चोर तरी भिंतीवरनं उडी मारून येतो.

रवळूचा फोन आला तवा मी राणीची वेणी घालत हुते. तो म्हणाला, 'आक्का, सफरचंदी नेली, आता कुठं लावणार हाईसा?' मला आधी कळंनाच. झाड कुणी नेतं व्हय? भांडी नेतात, बैल नेतात. मग तो सांगत गेला आणि मी ऐकत गेले. मुळ्या कुऱ्हाडीनं तोडल्या. तुझ्या नव्या बंगल्याला न्यायला झाड टेम्पोत आडवं घातलं. फांद्या रस्त्याला घासत गेल्या, ते वेशीपर्यंत पानं पडलेली.

तुझा गार्डनवाला म्हणे त्याला क्रॅबॲपल म्हणतो. शोभेचं झाड, लई दुर्मिळ, आख्ख्या टिळकवाडीत असं कुणाच्या बंगल्याच्या तोंडावर न्हाई. असंल. पण ते शोभेला लावलेलं न्हवतं रं. तुझे आप्पा पलटणीतनं हिमाचलला हुते. तिथनं सुट्टीवर येताना हातभर काडी ओल्या पोत्यात गुंडाळून आणली, रेल्वेत सगळी वाट मांडीवर धरून. पाच वर्सं त्याला फूल न्हाई. सगळं गाव हसायचं, रुक्माच्या दारात काश्मीर म्हणून. मी म्हटलं, तिकडं थंडीनं पानं झडतात, झाड झोपतं, मग उठून फुलतं. हितं आपल्या हवेत त्याला झोपच न्हाई. मग पेरूचा बहार धरतात तसं केलं. डिसेंबरात पाणी तोडून ताण दिला, शिडी लावली आणि एकूण एक पान हातानं ओरबाडलं. सासूबाई म्हणाल्या, येडी झाली. माघात पांढरी-गुलाबी फुलं आली. तुझे आप्पा सुट्टीवर आलते. अंगणात खुर्ची टाकून दिवसभर नुस्तं बघत बसले, जेवायलाबी आत येईनात.

तवापास्नं दर वर्साला पानं मी काढते. ते गेल्यावरबी काढते. तू एकदा तरी शिडी धरलीस? बोराएवढी आंबट फळं तोंडात घालून थुंकायला तेवढा म्होरं. आयत्या बिळात नागोबा म्हणतात. नाव ठेवताना आम्हालाच सुचायला पायजे हुतं.

झाड मला परत पायजे. हुतं तिथं.

तुझी आई, अजून तरी.

निपाणी, २२ ऑक्टोबर, पाडवा

नागेंद्र,

सणाचं गोड काय लिहू? राणीच्या पोरांनी आकाशकंदील लावलाय, मी शंकरपाळ्या केल्या, तुझ्यासाठी डबा भरला आणि मग परत पोरांच्या डब्यात ओतला.

सौम्यानं राणीच्या फोनवर झाडाचा फोटो पाठवला. मी मागितलं म्हणून पाठवला. तुझी बायको धारवाडची, मराठी वाचायला येत न्हाई तिला, पण माझ्याशी बोलती तुझ्यापेक्षा बरं. त्यामुळं ही पत्रं तिच्याकडनं वाचून घ्यायची सोय तुला न्हाई. तुलाच वाचावी लागतील.

फोटो बघितला आणि हातातली परात खाली ठेवली. पानं शिजवलेल्या भाजीगत लोंबत्यात. भर पानात असताना, ऑक्टोबरच्या उन्हात झाड हलवतात व्हय रं? एवढा इंजिनिअर झालास, एका बाईला विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी शिव्या दिल्या असत्या, पण सांगितलंबी असतं. आधी एक पावसाळा भोवतीनं चर मारून मुळं तोडायची, म्हणजे बुंध्याजवळ नवी बारीक मुळं फुटतात. पानं काढायची. मग झाड झोपलं की हलवायचं. आणि तुम्ही ते उलटं लावलंय. म्हशीच्या दाव्यानं घासलेला वण उगवतीला हुता, तो आता मावळतीला, रस्त्याकडं दिसतोय. म्हणजे सावलीची साल उन्हाला आली. ती भाजणार.

मागच्या पत्रात परत आणून लाव म्हणाले ते रागात. आता आणू नको. मुळं तोडलेलं झाड दुसऱ्यांदा उपटलं तर जगत न्हाई, हे ध्यानात ठेव. आता जिथं हाय तिथंच त्याला वाचवायचं.

तवा सांगते ते कर. मला सॉरी म्हणू नको, नुस्तं कर. फांद्या निम्म्यानं छाट, एवढ्या लाकडाला पाणी पुरवायला खाली मुळं न्हाईत. बुंध्याला गोणपाट गुंडाळ. तीन बाजूंनी दोर ताणून बांध, वाऱ्यानं हललं की आलेलं बारीक मूळ तुटतं. खत अजिबात घालू नको, तुझा तो गार्डनवाला दुकान मांडून बसला असंल तरी. आजारी माणसाला कुणी बासुंदी पाजतं व्हय? आणि रोज पाण्यात बुडवू नको. माती हातात घेऊन बघ. तुझ्या हाताला माती लागली तर कारखाना बंद पडणार न्हाई.

हे सगळं तुझ्यासाठी लिहीत न्हाई.

आई

बेळगुंदी, ८ नोव्हेंबर

नागेंद्र,

परवा घरी आले. राणी काठी घेऊन चालती आता. फाटक उघडलं आणि आधी झाडाचा खड्डा दिसला. त्यात पावसाचं पाणी साठून हिरवं झालेलं, रवळूच्या कोंबड्या पित हुत्या. मी तो बुजवला न्हाई. रवळू म्हणाला, 'आक्का, माती टाकू काय?' मी म्हटलं, राहू दे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारू दे काय झालं म्हणून. सगळ्यास्नी सांगते मी. तुझं नाव घेऊन सांगते.

काल सौम्या वास्तुशांतीची पत्रिका घेऊन आली. एकटीच आली. मी म्हटलं, नवरा कुठाय? म्हणाली, 'अत्ती, त्यांना काम निघालं.' पोरीला खोटं बोलता येत न्हाई, मान खाली घातली. तुझी गाडी देवळाच्या कोपऱ्यावर उभी हुती. मला काय दिसत न्हाई व्हय? आईच्या दारात यायला धीर झाला न्हाई आणि आईचं झाड न्यायला मशीन घेऊन आलास.

पत्रिका वाचली. 'कै. मारुतीराव यांच्या कृपाशीर्वादाने.' खाली माझं नाव, आपली नम्र म्हणून. मी नम्रबी न्हाई आणि आपलीबी न्हाई.

सौम्यानं भीत भीत सांगितलं, 'हे म्हणतात, झाड आप्पांनी माझ्या हातात दिलं हुतं, ते माझंच.' खरं हाय ते. मी नाकारत न्हाई. तू तीन वर्साचा, चड्डीबी धड न्हवती अंगावर, आप्पा माती लोटत हुते आणि काडी तुझ्या हातात दिलेली, सरळ धर म्हणून. धरायला दिली हुती रं. न्यायला न्हाई.

आणि एक बोलू? उन्हाळ्यात तू म्हणालास, गावातलं घर बंद कर, बंगल्यात ये, तुझ्यासाठी खालची खोली काढलीया. मी न्हाई म्हटलं. तू परत विचारलंस, मी परत न्हाई म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं न्हाईस, सरळ झाड नेलंस. गाय चालत नसली की वासरू उचलून म्होरं धरतात, मग ती हंबरत मागनं येती. लहानपणी आप्पांनी बाजारातनं गाय तशीच आणलेली तू बघितलीस. तेच केलंस न्हवं? मला कळणार न्हाई असं वाटलं व्हय तुला?

मी गाय न्हाई. तुझ्या वास्तुशांतीला मी येणार न्हाई. तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागणार न्हाई, लिहून देते.

गोणपाट बांधलंस काय? सौम्याला विचारलं तर ती म्हणाली, गार्डनवाल्यानं नको सांगितलं, बरं दिसत न्हाई. मग दोर तरी बांध. ते तरी बांध.

आई

बेळगुंदी, १८ नोव्हेंबर

नागेंद्र,

हे पत्र पोस्टानं पाठवत न्हाई. रवळू उद्यमबागला कामाला मोटारसायकलनं जातोय, त्याच्या हातात देते. त्याला म्हटलंय, साहेबाच्या हातात दे आणि वाचून होईपर्यंत हलू नको.

झाड फुललंय म्हणं. तू स्टेटसला लावलंयस, 'आप्पांचा आशीर्वाद'. राणीनं फोन करून सांगितलं, 'आई, चमत्कार झाला, तू उगीच शिव्या घालत हुतीस.' गावातबी चार जणांनी मला फोन म्होरं करून दाखवला. त्यातली एक बाई म्हणाली, बघा आक्का, तुमच्या अंगणात माघात फुलायचं, लेकाच्या बंगल्यात दोन महिने आधीच फुललं, झाडालाबी कळतं कुठं सुख हाय ते. मी त्या बाईला काय बोलले ते लिहीत न्हाई.

नीट ऐक. हा चमत्कार न्हाई. मी पानं ओरबाडून जे करायचे ते तुझ्या जेसीबीनं केलं. पानं झडली, ताण बसला, झाडाला वाटलं आता फुलायचं. पण मी करायचे तवा खाली मुळं शाबूत हुती. वर्सभर खाल्लेलं-प्यालेलं अंगात हुतं. आता खाली काय हाय? बुंधा आणि चार खुंट. जे काय थोडं राहिलंय ते सगळं फुलांत चाललंय. फुलांनंतर फळ धरंल, तेबी ओढंल. कच्च्या झाडावर बहार धरू नये हे पेरूवाला पोरगाबी सांगंल. झाड मरायला लागलं की असंच फुलतं. मागं तुझ्या मामाच्या आंब्याला बघितलंस न्हवं, वाळायच्या वर्साला किती मोहर आलता?

सगळी फुलं काढ. कळ्यासकट, एकूण एक, आजच्या आज. तेवढं केलंस तर त्याला पानं फुटायला ताकद राहील आणि पानं फुटली तर मुळं धरंल. न्हाईतर गेलं.

रविवारी वास्तुशांत हाय ते मला ठाव हाय. तुझे कारखान्याचे लोक येणार, सौम्याच्या माहेरचे येणार, फुललेलं झाड दाराशी पायजे तुला. मला सगळं कळतं. तरी काढ. नागेंद्र, मी तुला कधी काय मागितलंय? हे मागते. भांडण बाजूला ठेव, रविवारनंतर परत घालू. फुलं काढ.

आई

बेळगुंदी, २४ नोव्हेंबर

नागेंद्र,

तू आत होमापाशी बसलेला, डोळ्यात धूर, त्यामुळं बाहेर काय झालं ते तू बघितलं न्हाईस. लोकांनी तिखट-मीठ लावून सांगितलं असंल. माझ्याकडनंबी ऐक.

रवळूनं तुझा निरोप आणला हुता. 'आईला सांग, रविवारपर्यंत राहू दे, सोमवारी काढतो.' म्हणजे पत्र वाचलंस. वाचून, समजून म्हणालास. न वाचता म्हणाला असतास तर बरं वाटलं असतं.

शनिवारीच यायला हवं हुतं मी. सौम्यानं फोन केलता, अत्ती, संध्याकाळी हे मांडववाल्याकडं जाणार, तुम्ही या, मी फाटक उघडते, गपचूप काढा, मी म्हणते वाऱ्यानं पडली. बस चुकली माझी. चुकली म्हणजे, गेली. मी ओट्यावर बसलेले आणि ती गेली. मनात आलं, माझ्या झाडाला हात लावायला मी का लपू?

म्हणून रविवारी आले. उंबऱ्याला पाय लावला न्हाई, अंगणातच थांबले. फाटकावर केळीचे खांब, आत खुर्च्या मांडलेल्या आणि झाडाला लाइटच्या माळा गुंडाळलेल्या, भर दिवसा पेटवलेल्या. खाली तीन-चार बायका फोटो काढत हुत्या. झाड लई सुंदर दिसत हुतं, खोटं कशाला बोलू. माझ्या अंगणात इतकं कधी फुललं न्हवतं. काडी दिसत न्हवती, नुस्ती फुलं. मी बुंध्याला हात लावला तर सगळं झाड हललं. दोर बांधले न्हवते तुम्ही.

मी पदर खोचला आणि तोडायला लागले. जरीच्या साडीतली एक बाई म्हणाली, 'पूजेला फुलं कमी पडली काय मावशी?' मला कामाची बाई समजली. तिचं काय चुकलं? मालकाची आई कोण, हे तू कुणाला दाखवलंयस? मी म्हटलं, व्हय बाई, लई कमी पडली, जरा हात लावा. आणि त्या लागल्या की! पदर भरभरून तोडली. वरच्या फांदीसाठी कुणीतरी प्लास्टिकचं स्टूल आणलं. तुझ्याच पाहुण्यांनी तुझं झाड मोकळं केलं. मला हसू आलं. लई दिवसांनी पोटातनं हसू आलं.

मग तू आलास. अंगावर उपरणं, कपाळाला गंध, हुबेहूब आप्पा दिसत हुतास. 'आई, हे काय केलंस?' म्हणालास. तुझ्या डोळ्यात पाणी हुतं ते मी बघितलं. तवा मी गप बसायला पायजे हुतं. काम झालं हुतं, झाड मोकळं झालं हुतं, पिशवी उचलून चालायला लागायचं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, झाड मेलं तरी चालंल, पाहुणे खूश झाले पायजेत, व्हय रं? बापाचं झाड चोरून आणलंस आणि बापाचा आशीर्वाद म्हणून लोकास्नी दाखवतोस? सगळ्यांसमोर म्हटलं. भटजीबी पळी हातात घेऊन दारात आले हुते. पदरात फुलं घेतलेल्या त्या बायका तशाच उभ्या, टाकावी का ठेवावी कळंना त्यांना.

तू म्हणालास, 'तुला माझं काय चांगलं झालेलं बघवत न्हाई.' मग म्हणालास, 'तुझं झाड तुला लखलाभ. पाठवून देतो.'

मी फाटकातनं म्हटलं, हलवू नको. तू ऐकलंस का न्हाई, ठाव न्हाई, पाठ केली हुतीस. जोरात म्हणायला पायजे हुतं. पण एवढं सगळं बोलून झाल्यावर विनवणी काय जोरात निघंना.

सौम्या डबा घेऊन रस्त्यापर्यंत पळत आली. घेतला मी. तिच्यावर माझा राग न्हाई.

तवा आता लिहून सांगते. राग माझ्यावर काढ. लोकांत मला शिव्या घाल, राणीला सांग आई मेली म्हणून. पण झाड हलवू नको. हातात फुलं हुती तवा मी काडीवर नख मारून बघितलं, आत हिरवं हाय. अजून हाय. थोडं थोडं पाणी घाल आणि त्याला एकटं सोड.

आई

बेळगुंदी, २८ नोव्हेंबर

झाड आलं.

दुपारी टेम्पो दारात थांबला. पोरगं उतरून म्हणालं, 'साहेबांनी सांगितलंय, हुतं तिथं उतरवा.' मुळांना माती न्हाई, पोतंबी गुंडाळलेलं न्हाई, उघडंच आणलं उन्हातनं. लाइटची माळ सोडवायची राहिलीया, ती तशीच फांद्यांत अडकलेली. शेजारपाजारचे गोळा झाले. लोक बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडायला कुणीतरी मिळालं असतं.

रवळू आणि मी खड्ड्यात उभं केलं. वण उगवतीला धरला. पाणी घातलं. जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालतात ते त्यानं प्यावं म्हणून न्हाई. तसं घातलं.

माझं पत्र तुला मिळालं हुतं काय? रवळू म्हणतो, मंगळवारी दिलं. म्हणजे मिळालं हुतं.

बेळगुंदी, ११ फेब्रुवारी

नागेंद्र,

मी लिहिणार न्हवते. राणी आलती, चालती आता चांगली, तिनं सांगितलं म्हणून लिहिते.

झाड गेलं. जानेवारीतच गेलं. मी नख मारत हुते दर दोन-चार दिवसांनी, खालनं वर, वरनं खाली. सगळीकडं तपकिरी. तरी पाणी घालत राहिले. रवळू म्हणाला, आक्का, आता कशाला? मी त्याच्यावर ओरडले. मग एक दिवस बुंध्याची साल हातात निघून आली आणि मी बादली ठेवून दिली. कुऱ्हाड रवळूनं चालवली. लाकूड मी बंबात घालू दिलं न्हाई, गोठ्यात ठेवलंय.

गावात मी सांगत हुते, लेकानं मारलं. आता सांगत न्हाई. कुणी विचारलं तर म्हणते, हवा मानवली न्हाई. का तर, तू उपटलंस ते खरं, पण वास्तुशांतीच्या अंगणात मी दोन वाक्यं गिळली असती तर तू टेम्पो पाठवला नसतास, हे मला ठाव हाय. आणि मी फुलं मागितली तवा तू चार दिवस पाहुण्यांचं बघितलं नसतंस तर मी आलेच नसते, हे तुला ठाव हाय. झाडानं दोघांचंबी काय वाईट केलं न्हवतं.

राणी म्हणाली, तू तिच्याकडं निपाणीला जाऊन रडलास. लहान पोरागत रडलास म्हणाली. राणीकडं कशाला रडलास? तिचा काय संबंध? रडायचं तर हितं येऊन रडायचं हुतं, त्या खड्ड्यापाशी. तवा मी काय केलं असतं ते मला सांगता येत न्हाई. आता ते दिवस गेले.

ती म्हणाली, तू हिमाचलच्या नर्सरीतनं नवं रोप मागवलंयस. त्याच जातीचं. रविवारी घेऊन येणार हाईस, माझ्या हातानं लावायचं, आणि मग सगळं आधीसारखं. मी राणीला म्हटलं, त्याला सांग, आणू नको. मग रातभर झोप आली न्हाई. रोप कुठल्यातरी खोक्यात बसलं असंल, अंधारात. त्याचा काय दोष? तवा आण. लावीन मी. झाडाशी माझं भांडण न्हाई.

पण तुझ्याशी हाय. ते मिटलं न्हाई आणि मिटंल असं मला वाटत न्हाई. 'तुला बघवत न्हाई' म्हणालास न्हवं? मी उन्हातान्हात शिडीवर चढून वर्सानुवर्सं जे बघत, जपत आले ते तू आणि तुझं घरच हुतं रं. ते वाक्य मला जेवताना आठवतं. अजून आठवतं.

तवा ऐक. मुळं ओल्या पोत्यात गुंडाळ, प्लास्टिकमध्ये न्हाई, प्लास्टिकमध्ये उकडतं. गाडीत पायाशी ठेव, मागं डिकीत टाकू नको. काचा थोड्या उघड्या ठेव. सकाळी लवकर निघ, ऊन चढायच्या आत पोच. फाटक उघडं असंल. रोप ओट्यावर सावलीच्या बाजूला ठेव. मी घरात असेन, दार लावलेलं असंल. हाक मारू नको. राणी त्या दिवशी हितं असंल, ती जेवायला थांब म्हणाली तरी थांबू नको.

तू गेल्याशिवाय मी दार उघडणार न्हाई, आणि रोपाला फार वेळ बाहेर राहून चालत न्हाई. म्हणून दारात उभा राहू नको. लवकर जा.

आई